नाताळ आणि विवेकबुद्धि

ख्रिस्ताच्या जन्माची तिथि पवित्र शास्त्रांत कोठेंहि दिलेली नाहीं. मग ख्रिस्ती मनुष्यानें नाताळ पाळावा काय? हा प्रश्न अमेरिकेंतील प्लिमथ वसाहतींत इ. स. १६२१ मध्येंच उभा राहिला. शास्त्राबाहेरचा सण तेथें मानीत नसत. म्हणून गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनीं त्या दिवशींहि सर्वांस कामास बोलाविलें. आज काम करणें विवेकबुद्धीस पटत नाहीं, असें कांहीं नवागतांनीं सांगतांच त्यांना सूट मिळाली. दुपारीं ब्रॅडफर्ड परतून पाहतात तों तीच मंडळी रस्त्यांत चेंडू खेळत होती! त्यांनीं खेळाचें साहित्य काढून घेतलें. इतर राबत असतां यांनीं खेळावें हें आपल्याहि विवेकबुद्धीस पटत नाहीं, सण भक्तीचा असेल तर तो घरांत पाळावा, असें ते म्हणाले.

पुढें १६५९ मध्यें शेजारच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीनें नाताळ पाळणारास ५ शिलिंग दंड ठरविला. १६८१ मध्यें तो कायदा रद्द झाला.

पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १४ व्या अध्यायांत दिवस पाळणारा व न पाळणारा या दोघांसहि एकच कसोटी लाविली आहे: जें करावयाचें तें प्रभूकरितां, आणि दुसऱ्यास दोष न देतां. विवेकबुद्धीचें नांव सांगून खेळावयास जाणारे या कसोटीस उतरत नाहींत. तसाच दंड करणारा कायदाहि उतरत नाहीं.