परदेशातला कामगार आणि त्याचा पासपोर्ट

(कॉटन ग्रीन येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने पासपोर्टाच्या नूतनीकरणावर बोलावे हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. पासपोर्ट हा विमानाने हिंडणाऱ्यांचा विषय, श्रमिकांच्या चळवळीला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर याच परिसरात आहे. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो ज्या रीतीने संपला, किंबहुना संपलाच नाही, त्यानंतर गिरणगावातल्या घरांना पोटासाठी नवी वाट शोधावी लागली. कोणी रिक्षा घेतली, कोणी गावी परतले, आणि काही घरांतली मुले आखातात गेली. रत्नागिरी आणि रायगडच्या खाडीकाठच्या गावांना ही वाट आधीपासूनच परिचित होती.

आज आखाती देशांत नव्वद लाखांच्या आसपास भारतीय आहेत. परदेशस्थ भारतीयांनी २०२४ साली मायदेशी सुमारे १२९ अब्ज डॉलर पाठवले, असा जागतिक बँकेचा अंदाज आहे. जगात कोणत्याही देशाकडे एवढी रक्कम येत नाही. त्यात संगणकतज्ज्ञांचा वाटा मोठा आहे हे खरे. पण गवंडी, वेल्डर, ड्रायव्हर आणि घरकाम करणाऱ्या बाया यांच्या घामाचा पैसाही त्यातच आहे. परकीय चलनाच्या गंगाजळीची चर्चा करताना आपण या माणसांना हिशेबात धरतो. त्यांच्या कागदपत्रांचा प्रश्न आला की मात्र तो त्यांचा खाजगी मामला ठरतो.

ज्या कॉटन ग्रीनमध्ये आपण बसलो आहोत त्याचे नावच व्यापाराचे आहे. कापसाचा बाजार आधी कोटातून १८४४ मध्ये कुलाब्याला गेला आणि विसाव्या शतकाच्या विसाच्या दशकात या शिवडीच्या भरावाच्या जमिनीवर आला. या बंदरातून कापसाच्या गाठी लँकेशायरला गेल्या, जपानला गेल्या. गाठीची प्रत ठरली, वजन झाले, विमा उतरला की तिला समुद्र मोकळा होता. भांडवलाला तर आता गाठीइतकीही दगदग नाही. ते तारेवरून जाते. श्रमिकाचे तसे नाही. त्याच्या श्रमाला मागणी आहे, पण त्याला स्वतःला प्रत्येक पावलावर परवाना लागतो. याच बंदरातून एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडचे मराठी मजूर करारावर मॉरिशसला गेले. तेथे १८६० च्या दशकात त्यांच्यावर छायाचित्र लावलेले तिकीट जवळ बाळगण्याची सक्ती झाली. तिकीट जवळ नसलेला मजूर भटक्या ठरे आणि पकडला जाई. आजच्या पासपोर्टाची तुलना त्या तिकिटाशी सरसकट करता येणार नाही. परंतु कागद नसला की माणूसच गुन्हेगार ठरावा, ही रीत जुनी आहे.

नूतनीकरणाचा प्रश्न नेमका काय आहे, तो समजून घेऊ. प्रौढ भारतीयाचा पासपोर्ट दहा वर्षे चालतो. इथे घरी असताना तो संपला तर फारसे काही बिघडत नाही. परदेशात मात्र राहण्याचा परवाना पासपोर्टावर उभा असतो आणि तो वाढवण्यासाठी पासपोर्टाची मुदत साधारणतः सहा महिने तरी शिल्लक असावी लागते. पासपोर्ट संपत आला की परवाना अडतो. परवाना अडला की बँकेतले खाते, दवाखाना, पगार सगळेच अडचणीत येते, आणि एक दिवस कोणताही अपराध न करता माणूस त्या देशात बेकायदा ठरतो.

समजा, काळाचौकीचा एक फिटर आखातात एका कंत्राटदाराकडे काम करतो आहे. नव्या पासपोर्टासाठी जुना पासपोर्ट सादर करावा लागतो. पण तो या फिटरच्या हाती नसतो. पहिल्या दिवशीच कंत्राटदाराने तो काढून घेऊन कपाटात ठेवलेला असतो. बहुतेक आखाती देशांच्या कायद्यांत याला मनाई आहे, तरी प्रथा सुटलेली नाही. तेव्हा या माणसाला प्रथम मालकाकडे पासपोर्ट मागावा लागतो, मग रजा मागावी लागते. वेतन थकले असेल, तक्रार करायची असेल, तर मालकाला याहून सोयीची वेळ कोणती? ‘कागदावर सही कर, मग पासपोर्ट घे,’ असे तो म्हणू शकतो. म्हणजे जी मुदत सरकारी सोयीसाठी ठरली, तीच मालकाच्या हातातले हत्यार बनते.

येथे कायदा काय म्हणतो ते कार्यकर्त्यांनी नीट लक्षात ठेवावे. १९६७ पर्यंत पासपोर्ट देणे न देणे सरकारच्या मर्जीवर होते. त्या वर्षी एप्रिलमध्ये सतवंत सिंग सॉहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निर्णय दिला की, परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्यावाचून तो हिरावता येणार नाही. तेव्हा घाईने वटहुकूम निघाला आणि जूनमध्ये पासपोर्ट कायदा झाला. १९७८ च्या जानेवारीत मनेका गांधी खटल्याच्या निकालाने त्यात भर घातली : केवळ कायदा असून भागत नाही, त्याने घालून दिलेली रीत न्याय्य व वाजवी असली पाहिजे. या कायद्यानुसार पासपोर्ट नाकारताना कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि, राष्ट्रीय सुरक्षेसारखे काही अपवाद सोडले तर, मागणी केल्यास ती अर्जदाराला द्यावी लागतात. हा कायदा देशाबाहेरच्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. म्हणजे वकिलातीच्या खिडकीपाशी उभा असलेला फिटर हा याचक नाही. तो हक्कदार आहे.

याच कायद्याचे सतरावे कलम सांगते की, पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. एरवी हे वाक्य नागरिकाला त्याची जागा दाखवण्यासाठी वापरले जाते. मी ते उलट्या बाजूने वाचू इच्छितो. २००८ मध्ये सुरेश नंदा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पासपोर्ट अडकवून ठेवण्याचा अधिकार पासपोर्ट कायद्याखालच्या अधिकाऱ्यालाच आहे. केंद्रीय अन्वेषण विभागालाही तो स्वतःकडे अडकवून ठेवता येत नाही. जे आपल्या देशातल्या तपासयंत्रणेला करता येत नाही, ते परक्या देशातला एक कंत्राटदार शेकडो पासपोर्टांबाबत बिनदिक्कत करतो. तेथे आपले न्यायालय पोहोचत नाही, हे मान्य. पण आपली वकिलात तर तेथे आहे! आपल्या सरकारची मालमत्ता कोणी कपाटात बंद केली, तर ती परत मागणे हे वकिलातीचे कर्तव्य आहे. मजुराने मालकाशी भांडून ती सोडवून आणावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

आता वर्गाचा प्रश्न. आपला पासपोर्ट सर्वांना एकाच रंगाचा दिसत असला, तरी तो सर्वांना सारखा नाही. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार दहावी न झालेल्या व्यक्तीच्या पासपोर्टावर साधारणतः शेरा येतो : आखाती देश धरून काही ठरावीक देशांत नोकरीला जाताना परवानगी आवश्यक. हेतू संरक्षणाचा होता. अनुभव असा की, संरक्षण थोडे आणि दलालाचा धंदा फार. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने या लोकांना नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट देण्याचे जाहीर केले होते. टीका झाल्यावर त्याच महिन्यात तो बेत सोडावा लागला. गरिबाची गरिबी विमानतळावर दुरून ओळखता यावी, ही कल्पना सुचलीच कशी, याचा विचार करण्यासारखा आहे.

शुल्काचे गणित पाहा. भारतात छत्तीस पानी पासपोर्टाला १,५०० रुपये पडतात. परदेशातल्या वकिलातींत त्याच पुस्तिकेचे शुल्क अनेक वर्षे ७५ डॉलरच्या आसपास राहिले आहे, म्हणजे जवळजवळ चौपट. अर्ज स्वीकारण्याचे काम अनेक ठिकाणी खाजगी कंपन्यांकडे दिले असल्याने त्यांचा आकार वेगळा. कतारने २०२१ साली ठरवलेले किमान मूळ वेतन महिना १,००० रियाल, म्हणजे सुमारे २७५ डॉलर आहे. त्या वेतनावरचा मजूर महिन्याच्या मूळ पगाराचा चौथा हिस्सा या पुस्तिकेपायी देतो. शिवाय बुडालेला दिवस आणि शहरात येण्याजाण्याचे भाडे वेगळे. तेथल्या बँकेतला भारतीय व्यवस्थापकही तेवढेच शुल्क देतो. समान शुल्काला समता म्हणत नाहीत, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजते. वकिलातीतल्या सेवांवर लहानसा अधिभार घेऊन २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी उभारला जातो. हा पैसा त्याच लोकांचा आहे. अडलेल्या मजुराच्या नूतनीकरणाचा भार त्यातून उचलला जावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

आणखी एक अडचण खास आपल्या भागाची आहे. परदेशातून अर्ज केला तरी पोलिसी पडताळणीची चौकशी येते ती भारतातल्या पत्त्यावर. लालबाग-परळच्या किती चाळी गेल्या तीस वर्षांत पुनर्विकासात पाडल्या गेल्या, हे आपणांस सांगायला नको. पासपोर्टावर पत्ता जुन्या चाळीचा. तेथे आज मनोरा उभा आणि कुटुंब संक्रमण शिबिरात किंवा विरारला. पोलिस येऊन ‘या पत्त्यावर आढळला नाही’ असा शेरा मारून जातो, आणि इथल्या विस्थापनाची शिक्षा तिकडच्या मुलाला होते.

पासपोर्टाचा उपयोग राजकीय शस्त्र म्हणून होऊ शकतो, हे समाजवाद्यांना तरी समजावून सांगण्याची गरज नसावी. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात अमेरिकेत राहून तिचा निषेध करणाऱ्या काही भारतीयांचे पासपोर्ट सरकारने अडकवले. इथे तुरुंग होता. तिथे तुरुंग नेता येत नव्हता, म्हणून माणसाच्या पायाखालचा कागद काढून घेतला गेला. सत्तांतरानंतर १९७७ मध्ये आपले नानासाहेब गोरे लंडनला उच्चायुक्त म्हणून गेले. लोकशाहीत वकिलात ही सत्ताधारी पक्षाची कचेरी नसते, ती नागरिकांची असते, हे तत्त्व सरकार कोणतेही असो, आग्रहाने मांडले पाहिजे.

यावर आक्षेप येतो तो सुरक्षिततेचा. बनावट पासपोर्ट होतात, माणसे खोट्या नावाने फिरतात, म्हणून तपासणी हवी. तपासणी अवश्य हवी. पण बनावट कागद कशातून जन्मतो, हेही पाहावे. १९५० च्या दशकात अल्पशिक्षित, अकुशल माणसांना ब्रिटनसाठी पासपोर्ट देताना आपले सरकार हात आखडता घेत होते. परिणामी अनेक जण, विशेषतः पंजाबातले, दलालांनी दिलेल्या खोट्या पासपोर्टावर गेले. तेथे कारखान्यांत राबत असताना त्यांना ना नूतनीकरण करता येई, ना उजळ माथ्याने घरी येता येई. तिथल्या इंडियन वर्कर्स असोसिएशनने या लोकांना रीतसर पासपोर्ट मिळावेत यासाठी लढा दिला. परदेशातील कामगार संघटनेने पासपोर्ट हा कामगारांचा प्रश्न मानला, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. सरळ दार बंद केले की माणसे थांबत नाहीत, ती दलालाच्या दारात जातात.

मग मागण्या कोणत्या? मुदतीपूर्वी अर्ज केलेल्या कामगाराला वकिलातीने पोच द्यावी आणि त्या पोचेवर राहण्याचा परवाना चालू राहील, असे करार यजमान देशांशी करावेत. मालकाने पासपोर्ट अडवल्याची तक्रार वकिलातीने स्वतःच्या नावे चालवावी. काही वकिलाती कामगारांच्या वस्तीजवळ सुट्टीच्या दिवशी शिबिरे घेतात. तो अधिकाऱ्याच्या उत्साहाचा भाग न राहता नियम व्हावा. निर्णयाला बंधनकारक मुदत असावी आणि नकाराची कारणे कामगाराला कळेल अशा भाषेत मिळावीत. कमी वेतनाच्या कामगारांना शुल्कात सवलत असावी.

या मागण्या दिल्लीसाठी झाल्या. आपल्यासाठीही काम आहे. आपल्या वॉर्डातल्या किती घरांतले कोण परदेशी आहे, त्याच्या पासपोर्टाची मुदत केव्हा संपते, याची वही प्रत्येक शाखेने ठेवावी. मुदत संपण्यापूर्वी वर्षभर अर्ज करता येतो, हे घरच्यांना सांगावे. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला आणि पासपोर्ट यांवर नाव व आडनाव एकसारखे आहे का, ते आताच तपासावे. नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टावर एकच शब्दाचे नाव असलेल्या पाहुण्यांना प्रवेश नाकारण्यास सुरुवात केली. असे नियम कोणाला विचारून येत नाहीत. पाडलेल्या चाळीच्या रहिवाशांना नव्या पत्त्याचा पुरावा मिळवून देणे आणि पोलिसी चौकशीच्या वेळी शेजारच्या दोघांनी साक्षीला उभे राहणे, एवढे तरी आपण निश्चित करू शकतो.

रेशनकार्डासाठी, भाडेपावतीसाठी, गिरणी कामगारांच्या घरांसाठी या भागातल्या कार्यकर्त्यांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आहेत. त्या कामात आता या आणखी एका कागदाची भर घालावी, एवढीच माझी विनंती आहे. वहीचे पहिले पान आज सभा संपल्यावर इथेच भरायला घ्या. या सभागृहातही अशा घरांतले कोणी ना कोणी बसलेले असणार.