नाणेघाटची एक दिवसाची सहल

हिवाळा लागला की शाळाशाळांतून सहलीची कुजबुज सुरू होते. मग गाडी ठरते, पुरीभाजीचे डबे भरतात, मुले गाणी म्हणत जातात आणि दमून परत येतात. दुसऱ्या दिवशी गुरुजी विचारतात, “काय पाहिले?” तर उत्तर येते, “मजा आली!” मजा यावीच, पण तिच्या जोडीला काही पदरात पडावे, म्हणून आज एक वाट सुचवतो.

ही वाट जुन्नरहून नाणेघाटाची. अंतर सुमारे ३० किलोमीटर. सकाळी लवकर निघा आणि प्रत्येक मुलाच्या हाती वही-पेन्सिल द्या. काम एकच : दिसेल तो पक्षी मोजायचा आणि लिहायचा.

तारेवर ओळीने बसलेले हिरवे वेडे राघू दिसतील. दुभंगलेल्या शेपटीचा काळा कोतवाल तर आपल्या ओळखीचाच. शेतातले किडे खाऊन तो आपले काम करतो आणि वेळ आली तर घारीच्याही मागे लागतो. पुढे माणिकडोह धरणाचे पाणी लागले की गाडी थांबवा. पाणकावळे, बगळे, खंड्या काठाशी शोधा. शेपटी वरखाली हलवत चालणारा पांढरा परीट दिसला, तर मुलांना सांगा, की हा पाहुणा हिवाळ्यापुरता उत्तरेकडून आला आहे. नाव ठाऊक नसले तर अडू नका; रंग, चोच, चाल लिहून ठेवा. एकच अट : आरडाओरडा नको, आणि बेचकी घरी ठेवायची.

घाटमाथ्यावर पोचलात की तो दगडी रांजण पाहा. त्यात घाटाची जकात जमा होत असे, असे परंपरा सांगते. कोकणातल्या बंदरांचा माल याच वाटेने जुन्नरकडे आणि पुढे पैठणकडे जाई. थोडे खाली उतरले की लेणे लागते. आत सातवाहन राजघराण्यातील माणसांच्या मूर्ती होत्या. आज त्यांच्या पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत; वर नावे कोरलेली आहेत, म्हणून कळते की येथे सिमुक होता, येथे सातकर्णी आणि नागनिका राणी होती.

बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. केलेले यज्ञ आणि दिलेली दाने यांचा तो हिशेब आहे : गाई इतक्या, घोडे इतके, नाणी इतकी. या लेखातले आकडे आपल्या देशातल्या अगदी जुन्या अंकांपैकी आहेत. त्यांत शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगळ्या खुणा. सतरा लिहायचे तर आधी दहाची खूण, मग सातची. शिक्षकांनो, मुलांनी सकाळपासून मोजलेले पक्षी या रीतीने मांडायला सांगा. गणिताचा हा तास मुले सहसा विसरायची नाहीत.

आता एक कळकळीची गोष्ट. हा लेख वाऱ्यापावसाने झिजला आहे, कित्येक अक्षरे गेली आहेत. जी उरली, त्यांच्यावर कोणी कोळशाने वा खिळ्याने आपले नाव लिहिले, तर गेलेले अक्षर कोणताही पंडित परत आणू शकणार नाही. १८२८ साली कर्नल साइक्स यांनी हे लेणे अभ्यासकांच्या नजरेस आणले, तेव्हापासून विद्वान एकेक अक्षर लावत आले आहेत. मूर्ती गेल्या तरी माणसे ओळखू आली, ती केवळ अक्षरांमुळे, हे मुलांना तिथेच उभे राहून दाखवा.

परतण्याआधी कड्याच्या टोकापासून दूर, मुलांना घटकाभर बसवा. कपारीत मातीची घरटी करणाऱ्या पाकोळ्या समोर फिरत असतात. पाखरू असो की शिलालेख, हात न लावता पाहायला शिकलेले मूल गावी आले की आपल्या वेशीवरचा वीरगळही जपेल. या हिवाळ्यात एकदा जाऊन तर या!