बंदी उठल्यानंतरचं वर्ष

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बोस्निया म्हटलं की आपल्याला स्रेब्रेनित्सा आठवतं. जुलै 1995 मध्ये तिथे आठ हजारांवर मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. दरवर्षी 11 जुलैला आपल्या ग्रुपवर फोटो फिरतात, आपण दुआ करतो आणि विषय संपतो. मला आज त्याच्या पुढच्या वर्षाबद्दल बोलायचं आहे.

आधी थोडं मागे जाऊ. 25 सप्टेंबर 1991 रोजी सुरक्षा परिषदेने ठराव 713 करून सगळ्या युगोस्लाव्हियाला शस्त्रं पुरवायला बंदी घातली. नियम सर्वांना सारखा होता. पण युगोस्लाव्ह लष्कराची कोठारं आधीच भरलेली होती आणि त्यातला मोठा वाटा सर्ब फौजांकडे गेला. 1992 मध्ये स्वतंत्र झालेल्या बोस्नियाकडे रणगाडे-तोफा फारच थोड्या होत्या. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. एकाच्या मशीनवर सगळं आधीच डाउनलोड झालंय आणि मग सर्वांचं नेट बंद केलं, तर तो न्याय होतो का?

जून 1993 मध्ये बोस्नियापुरती बंदी उठवण्याचा मसुदा परिषदेत आला. बाजूने 6 मतं पडली, 9 देश तटस्थ राहिले. मसुदा पडला. शस्त्रं गेली तर युद्ध भडकेल आणि आमचे शांतिसैनिक मधे सापडतील, असं ब्रिटन-फ्रान्सचं म्हणणं होतं.

बंदी उठवायचं ठरलं ते डेटनचा करार झाल्यावर, 22 नोव्हेंबर 1995 च्या ठराव 1021 ने. तेही टप्प्याटप्प्याने. पहिले 90 दिवस काहीच सैल नाही. पुढचे 90 दिवस हलकी शस्त्रं चालतील. पण जड शस्त्रं, सुरुंग, लष्करी विमानं आणि हेलिकॉप्टर नाहीत. त्यानंतर पूर्ण मोकळीक. युरोपियन युनियनने मात्र स्वतःची बंदी चालूच ठेवली.

दरम्यान टेबलावर दुसरं काम चालू होतं. 14 जून 1996 रोजी फ्लोरेन्समध्ये शस्त्रमर्यादेच्या करारावर सह्या झाल्या आणि चारच दिवसांनी बंदी संपली. युगोस्लाव्हिया, क्रोएशिया, बोस्निया यांचं प्रमाण ठरलं 5:2:2. रणगाड्यांत सांगायचं तर 1025, 410 आणि 410. बोस्नियाच्या 410 पैकी 273 बोस्नियाक-क्रोएट फेडरेशनचे, 137 सर्ब प्रजासत्ताकाचे. मर्यादेपेक्षा जास्त असेल ते मोडायचं आणि तपासनीसांना आत येऊ द्यायचं. सर्ब प्रजासत्ताकाने सुरुवातीला आकडे कमी दाखवले, त्यावर दबाव आणावा लागला. अखेर 1997 पर्यंत या प्रदेशात सुमारे 6,500 जड शस्त्रं नष्ट झाली.

एकीकडे मोडणं, दुसरीकडे देणं. अमेरिकेने फेडरेशनच्या सैन्याला शस्त्रं आणि प्रशिक्षण द्यायचं ठरवलं. त्यासाठी सौदी अरेबिया, कुवेत, संयुक्त अरब अमिराती, मलेशिया, ब्रुनेई यांनी पैसा दिला. पण अटी होत्या. परदेशी लढवय्ये बाहेर काढा, इराणशी लष्करी संबंध तोडा, बोस्नियाक आणि क्रोएट सैन्य एका कायद्याखाली आणा. उपसंरक्षणमंत्री हसन चेंगिच पदावरून जाईपर्यंत अमेरिकेने जहाजातले रणगाडे प्लोचे बंदरात उतरवू दिले नाहीत. विचार करा, वेढ्याच्या काळात जे मदतीला आले, त्यांनाच आता निरोप द्यायचा होता. सारायेव्होच्या सरकारने तो कडू घोट घेतला.

हे बरोबर झालं का? माझं उत्तर अर्धं होकारार्थी आहे. मोठं युद्ध पुन्हा पेटलं नाही. पण एकाच देशातल्या दोन सैन्यांचा हिशेब कागदावर पक्का झाला आणि ती सैन्यं एक व्हायला 2006 उजाडलं.

आज कुठल्याही युद्धाबद्दल 'शस्त्रबंदी घाला' किंवा 'बंदी उठवा' अशी मागणी आपण फॉरवर्ड करतो. माझी एवढीच विनंती आहे, बटण दाबण्याआधी तीन प्रश्न विचारा. आज कोणाकडे किती शस्त्रं आहेत? बंदी कोणत्या टप्प्यांनी उठणार? आणि मोजायला आत कोण जाणार? स्रेब्रेनित्सासाठी आपण दुआ करतो, ती करत राहूच. पण पुढचं स्रेब्रेनित्सा टाळायचं असेल तर आपल्यातल्या काहींना हे कंटाळवाणे करारही वाचायला शिकावं लागेल.