चिनी नीळ आणि आतड्याचे दुखणे



‘झाडपाल्याचे औषध, त्याने काय अपाय होणार?’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. कदाचित उच्चारलेही असेल. ते कितपत खरे, याचा विचार आज एका चिनी औषधाच्या निमित्ताने करू.

मोठ्या आतड्याला सूज येऊन आतून व्रण पडण्याचा एक चिवट आजार आहे. डॉक्टर त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. वारंवार शौचास जावे लागते, रक्त पडते, अशक्तपणा येतो. आजार दबतो आणि पुन्हा उसळतो. पुष्कळांना तो ऐन तारुण्यात गाठतो. लाजेपोटी रोगी बोलत नाही आणि गुपचूप मिळेल ते औषध घेऊ लागतो.

चिनी वैद्यकात या दुखण्यावर ‘छिंग दाई’ नावाची निळी पूड देतात. ही पूड म्हणजे नीळच. विशिष्ट वनस्पतींची पाने पाण्यात भिजवून, त्यात चुना घालून ती तयार करतात.

जपानमध्ये या पुडीची रीतसर परीक्षा झाली. ८६ रोग्यांपैकी काहींना खरे औषध, तर काहींना तसेच दिसणारे पण औषध नसलेले कॅप्सूल ८ आठवडे देण्याचे ठरले. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. रोज १ ग्रॅम पूड घेणाऱ्यांपैकी ७५ टक्के रोग्यांना उतार पडला. दुसऱ्या गटात हे प्रमाण सुमारे १४ टक्केच होते.

परंतु ही परीक्षा मध्येच थांबवावी लागली. परीक्षेबाहेरच्या एका रोग्याने हीच पूड स्वतः विकत आणून सहा महिने घेतली होती. त्याच्या फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढल्याचे आढळले. हा विकार हृदयावर ताण आणतो आणि जिवावरही बेततो. जपान सरकारने २०१६ च्या डिसेंबरात तसा इशारा दिला.

मग चिनी वैद्यक खोटे काय? मुळीच नाही. हिवतापावरील आर्टेमिसिनिन हे औषध त्याच परंपरेतून शोधणाऱ्या थू यूयू यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सांगायचे एवढेच की, ज्या औषधात गुण देण्याची ताकद आहे, त्यात अपाय करण्याचीही ताकद असू शकते. म्हणून डॉक्टरांचे औषध परस्पर बंद करू नका आणि जी पूड वा काढा घेत असाल तो त्यांच्यापासून लपवू नका.

शिक्षकांना एक विनंती. तासाला वारंवार बाहेर जाण्याची परवानगी मागणारा मुलगा कामचुकारच असतो असे नाही. त्याला जाऊ द्या, आणि नंतर बाजूला घेऊन मायेने विचारा.