नेटवर्क कार्डावरचं घड्याळ

संगणकातलं क्वार्ट्झ घड्याळ दहा लाखांत फक्त वीस भाग चुकलं, तरी दिवसाला सुमारे पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. घरी तो जाणवत नाही. मोबाइलच्या मनोऱ्यांना मात्र मायक्रोसेकंदाचाही हिशेब ठेवावा लागतो.

इंटरनेटवर वेळ जुळवणारी एनटीपी ही पद्धत १९८५ पासून आहे. डेव्हिड मिल्स यांचं हे काम मोठंच. पण वेळ कळवणारा संदेश कधी आला, हे तिथे बहुधा सॉफ्टवेअर नोंदवतं. प्रोसेसर दुसऱ्या कामात असला की नोंद उशिरा होते, आणि हा उशीर दर वेळी वेगळा. त्यामुळे तो वजाही करता येत नाही. खरी अडचण हीच आहे.

२००२ साली वेळ अधिक अचूक जुळवण्यासाठी पीटीपी हे मानक आलं. त्याला साथ देणाऱ्या नेटवर्क कार्डावरच घड्याळ असतं. संदेश जाता-येताच त्यावर वेळेचा शिक्का पडतो. पण प्रत्येक कंपनीचं कार्ड निराळं. म्हणून २०११ मध्ये रिचर्ड कॉक्रन यांनी केलेली एकसारखी व्यवस्था लिनक्सच्या ३.० आवृत्तीत आली. प्रोग्रामला हे घड्याळ फाइलसारखं उघडता येतं, वाचता येतं, त्याची गती किंचित कमी-जास्त करता येते. वेळ एकदम मागे नेली तर नोंदींचा क्रम उलटतो. म्हणून गती बदलण्याची ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते.

संस्थेसाठी सर्व्हर घेत असाल, तर कार्डाला हार्डवेअर टाइमस्टॅम्पिंग, म्हणजे स्वतःच वेळेचा शिक्का मारणं, जमतं का, हे आधी विचारा. लिनक्सवर ‘ईथटूल’ ही आज्ञा ते लगेच सांगते.