कापड बेतताना पट्टी का सरकते?



आजचा विषय दिसायला अगदी लहान आहे. कापड कापताना त्यावर ठेवलेली पट्टी जागची हलू नये म्हणून काय करावे, एवढाच. कॉलेजात गणित शिकवणाऱ्या माणसाने या भानगडीत कशाला पडावे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. पण शिंप्यालाही आपण मास्तरच म्हणतो, आणि खरे सांगायचे तर रेघ, कोन आणि माप या तीन गोष्टींवर माझे पोट जसे चालते तसेच त्याचेही चालते. तेव्हा एका मास्तराने दुसऱ्या मास्तराच्या टेबलाकडे पाहायला हरकत नसावी.

विषय लहान असला तरी त्यापायी होणारे नुकसान लहान नसते. आमच्या भागातल्या एका गावी बचत गटातल्या बायकांना शहरातून लहान मुलांच्या वीस दुपट्यांची मागणी आली. टाके सुरेख, रंगांची जुळणी सुरेख. पण वीसांतली सात दुपटी परत आली. कारण काय? चौकोन एकमेकांना जुळेनात, कडा वाकड्या, मधे झोल. शिवणारीच्या हाताला नावे ठेवली गेली. पण दोष टाक्यात नव्हताच. दोष आधीच्या कामात, बेतण्यात होता. प्रत्येक तुकडा कापताना पट्टी किंचित सरकली होती, आणि सात दुपट्यांची मजुरी त्या किंचितात गेली.

हे किंचित म्हणजे किती, ते पाहू. सुतार आणि गवंडी इंचाचे आठ भाग करतात आणि एका भागाला सूत म्हणतात. आता समजा, पट्टी फक्त अर्धे सूत सरकली. डोळ्याला ते दिसतसुद्धा नाही. पण एका ओळीत असे सोळा तुकडे जोडायचे असतील आणि प्रत्येक अर्ध्या सुताने कमी असेल, तर सोळा अर्धी म्हणजे आठ सूत, म्हणजे पुरा एक इंच ओळ आखूड झाली. खालची ओळ बरोबर मापाची आणि वरची इंचभर आखूड. आता त्या दोन ओळी जोडायच्या तर एक ताणावी लागणार आणि दुसरीला चुण्या पडणार. शिवणीसाठी आपण जी माया ठेवतो, ती अशा गोधडीत साधारण पाव इंच, म्हणजे दोनच सूत असते. तेवढ्या मायेत इंचभराची चूक पोटात घालता येत नाही.

आपल्या आज्या-पणज्यांना ही अडचण फारशी आली नाही. का आली नाही? त्यांच्या गोधडीला माप देणारी वस्तू वेगळी होती. जुने लुगडे पसरायचे, त्यावर धोतर, त्यावर आणखी एखादे लुगडे, आणि कडेपासून आत धावदोरा घालत जायचे. ठिगळ लागेल त्या आकाराचे. शिवाय सरळ तुकडा हवा असेल तर कात्रीने टोक द्यायचे आणि कापड टरकन फाडायचे. साधे सुती कापड उभ्या किंवा आडव्या धाग्याच्याच रेषेत फाटते. विणकराने मागावर जी सरळ रेघ घालून ठेवली आहे, तीच त्या वापरत होत्या. पट्टी कापडाच्या आतच होती म्हणा ना! आजही लांब आणि रुंद पट्टे हवे असतील तर ही रीत चांगली आहे. मात्र फाडलेली कड ताणली जाते, तिचे धागे सुटतात, आणि छापील कापडावरची नक्षी धाग्याला धरून छापलेली नसेल तर ती तिरकी दिसते. दोन-तीन इंचांचे नेमके चौकोन हवेत, तेथे फाडण्याचा उपयोग नाही.

असे नेमके चौकोन, त्रिकोण जोडून रजया करण्याची कला अमेरिकेत घरोघरी वाढली. पुठ्ठ्याचा नमुना कापडावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची आणि कात्रीने कापायचे, अशी तिथली जुनी रीत. ती बदलली जपानमुळे. त्या देशात योशिओ ओकादा नावाच्या गृहस्थांनी १९५६ साली टोक मोडून नवी धार काढता येईल असा चाकू तयार केला. त्यांच्या ओल्फा कंपनीने पुढे १९७९ साली फिरत्या गोल पात्याचा कटर बाजारात आणला. दांड्यावर बसवलेले वस्तऱ्यासारखे चाक समजा. खाली खास चटई, तिच्यावर कापड, कापडावर सहा इंच रुंद आणि चोवीस इंच लांब अशी पारदर्शक अॅक्रिलिकची पट्टी, आणि पट्टीच्या कडेने चाक फिरवायचे. एका दमात चार पदर कापले जातात. आता ही साधने आपल्याकडेही मिळतात, आणि अनेक बचत गटांपर्यंत, शिवणवर्गांपर्यंत ती पोचली आहेत.

यात एक फरक फार महत्त्वाचा आहे. कात्रीने कापताना खडूची रेघ आधी मारलेली असते. हात चुकला तरी रेघ जागेवर असते. चाकाने कापताना रेघच नसते. पट्टी हीच रेघ. ती सरकली की रेघ सरकली, आणि चाक इमानाने त्या चुकीच्या रेघेवरून पुढे जाते. म्हणून पट्टी धरणारा डावा हात हा कापणाऱ्या उजव्या हातापेक्षा अधिक कामाचा. आपण मात्र सगळे लक्ष उजव्या हाताकडे देतो.

आता पट्टी सरकते का, ते पाहू. हे ऐकता ऐकताच एक प्रयोग करा. शिक्षक बंधुभगिनींनी तो उद्या वर्गात करावा. एक फूटपट्टी टेबलावर ठेवा. मधोमध एकच बोट टेकवून दाबा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने पट्टीचे टोक बाजूला ढकला. पट्टी चटकन फिरेल. आता एकाऐवजी दोन बोटे, चार-पाच इंच अंतरावर टेकवा आणि तेवढ्याच जोराने ढकला. पट्टी ऐकत नाही!

यात नवल काही नाही. जात्याचा खुंटा मधल्या खिळीजवळ नसतो, तो कडेला असतो. कारण कडेला लावलेला थोडा जोरही जाते फिरवतो. आपण पट्टीच्या मधोमध तळहात दाबून धरतो, तेव्हा आपला तळहात ती मधली खीळ होतो आणि पुढे गेलेले चाक खुंट्याचे काम करते. चाक हातापासून तीन इंचांवर असताना बाजूला जो रेटा बसतो, तोच रेटा बारा इंचांवर गेल्यावर चौपट परिणाम करतो. म्हणून पट्टी सुरुवातीला कधी हलत नाही. हलते ती शेवटी, दूरच्या टोकाला. आपण म्हणतो, "अहो, मी तर घट्ट दाबून धरली होती!" दाबली होती, हे खरेच. पण एका जागी दाबली होती.

मग धरावी कशी? उजव्या हाताने कापणाऱ्यांसाठी सांगतो. डावखुऱ्यांनी उलट समजावे. डाव्या हाताची बोटे फाकवा आणि तळहात थोडा उचलून बोटांच्या टोकांवर भार द्या. कोळ्याचे पाय दूरदूर टेकलेले असतात, तसे. करंगळी मात्र पट्टीच्या डाव्या कडेबाहेर, खाली चटईवर किंवा कापडावर टेकवा, कडेला अगदी चिकटून. चाकाचा रेटा पट्टीला डावीकडे ढकलतो. ही करंगळी तिथे पाचरीसारखी उभी राहते. अंगठा आणि तर्जनी उजव्या कडेपासून, म्हणजे पात्याच्या वाटेपासून, चांगली इंचभर आत असू द्या.

दुसरे, पट्टीवर हात चालवायला शिका. चाक आपल्या बोटांच्या टोकांबरोबर आले की थांबा. पाते कापडातच राहू द्या, उचलू नका. मग डाव्या हाताची बोटे एकेक करून पुढे सरकवा. सगळा हात एकदम उचलू नका. पुन्हा भार द्या, पुन्हा कापा. चोवीस इंचांच्या पट्टीवर असे दोन-तीन थांबे होतील. वेळ किती जातो? चार-सहा सेकंद. वाया गेलेले कापड परत मिळवायला त्याहून जास्त लागतात.

तिसरे, उभे राहा. बसून कापताना खांदा मागे असतो आणि हाताचा भार तिरका पडतो. त्यातला काही भाग पट्टीला पुढे ढकलतो. उभे राहून थोडे वाकले की खांदा पट्टीच्या वर येतो आणि भार सरळ खाली जातो. घर्षण वाढवतो तो हा सरळ खाली जाणारा भार. घरात उंच टेबल नसेल आणि जमिनीवरच काम करायचे असेल, तर मांडी घालून न बसता गुडघ्यांवर या. म्हणजे तेच साधते.

चौथे, पाते धारदार असू द्या. बोथट पात्याला आपण जोर करतो, आणि तो जोर पट्टीवर आदळतो. पाते उभे धरावे, पट्टीच्या कडेला नुसते लागून चालवावे. तिच्यावर रेलू नये. जुन्या पात्याने सुटलेले चार धागे पुन्हा कापायला जाल, तर पट्टी हमखास हलेल.

आता घरगुती उपाय. बारीक पॉलिश पेपरचे, कणीदार बाजू खाली ठेवून, चवलीएवढे पाच-सहा तुकडे पट्टीच्या खालच्या बाजूस चिकटवा: चार कोपऱ्यांत आणि एखाद-दोन मधे. गुळगुळीत पट्टीला कापडाची पकड येते. मात्र जाड रबर लावू नका. पट्टी उचलली जाते आणि खाली कापड मोकळे राहते. दूरच्या टोकाला वाण्याकडचे एक किलोचे वजन ठेवले तरी उत्तम. ते दुसऱ्या बोटाचे काम करते. आणि कापड? ते आधी धुऊन, पेजेची हलकी खळ देऊन इस्त्री केलेले असावे. मऊ, चुरगळलेले कापड पट्टीखालून निसटते आणि आपण उगाच पट्टीला दोष देतो.

एक गोष्ट भूमितीची सांगितल्यावाचून मला राहवणार नाही. ४४ इंची पन्ह्याचे कापड आपण मधे दुमडून बावीस इंचांचे करतो आणि पट्टा कापतो. पट्टी त्या घडीशी काटकोनात हवी. बावीस इंचांत ती दोन सुते जरी तिरकी झाली, तरी घडी उलगडल्यावर पट्टा सरळ निघत नाही. मधोमध कौलारू छपरासारखा वाकलेला निघतो. कापड चौपदरी दुमडले असेल तर अशी दोन-तीन वळणे पडतात. म्हणून पट्टीवरची एक आडवी रेघ घडीच्या कडेवर बरोबर बसवावी, आणि दर दोन-तीन पट्ट्यांनंतर काटकोन पुन्हा तपासावा. काटकोन परीक्षेपुरता असतो असे समजणाऱ्या मुलांना हा वाकडा पट्टा जरूर दाखवा.

ज्यांच्याकडे हे चाक आणि चटई नाही, त्यांनी खंत करू नये. लोखंडी पट्टी, खडू आणि कात्री यांनीही नेमके काम होते. फक्त खडूची रेघ एका दमात ओढू नका. खडू कापडाला बरोबर ओढत नेतो. पट्टीच्या दोन्ही टोकांकडून मध्याकडे, थोडी थोडी, हलक्या हाताने रेघ मारा. बोटांची फाकवण तीच, करंगळीची पाचर तीच.

शेवटी सावधगिरीचे दोन शब्द, आणि ते सर्वांत महत्त्वाचे. फिरते पाते वस्तऱ्याइतके तीक्ष्ण असते. पट्टी सरकली की पाते तिच्यावर चढते, आणि पुढे बोटे असतात. तेव्हा पट्टी स्थिर ठेवणे हा केवळ मापाचा प्रश्न नाही. चाक नेहमी आपल्या अंगापासून दूर चालवा. एक काप झाला की पात्याची टोपी लावा, मग दुसरे काम. "लगेच तर कापायचंय" असे म्हणून उघडे ठेवू नका. शाळेतल्या लहान मुलांच्या हाती हे चाक देऊच नये. त्यांना कात्री आणि खडू पुरे. पट्टी धरण्याची शिस्त त्यातूनही येते.

त्या गावच्या बायकांनी परत आलेली दुपटी उसवली आणि त्यांतले तुकडे नव्याने बेतून लहान आकाराची दुपटी केली. कापड वाचले, मजुरीचे दिवस मात्र गेले. आपल्या गावात, आपल्या शिवणवर्गात ते दिवस जाऊ नयेत, म्हणून हा बोलण्याचा खटाटोप. उद्या पट्टी हातात घ्याल तेव्हा आधी जुन्या चिंधीवर दहा वेळा हात चालवून पाहा, आणि मगच नव्या कापडाला पाते लावा.