प्रयोग शहराचा, पैसा राज्याचा

2014 साली न्यूयॉर्कचे महापौर होते बिल डी ब्लासिओ. चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला पूर्ण दिवसाची मोफत बालवाडी, हा त्यांचा संकल्प. त्यासाठी त्यांना श्रीमंतांवर पाच वर्षं जादा कर हवा होता. गव्हर्नर अँड्र्यू कुओमो म्हणाले, कर नको, पैसे राज्य देईल. शहराला 30 कोटी डॉलर मिळाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात 50 हजारांहून जास्त मुलं शाळेत आली. एका वर्गात फार तर 18 मुलं, एक शिक्षक, एक मदतनीस.

मग महापौरांचा कराचा हट्ट कशासाठी? त्यात राजकारण होतं, नाही कसं! पण मुद्दा खरा होता. राज्याच्या अर्थसंकल्पातला पैसा दरवर्षी नव्याने मागावा लागतो. शिक्षक आणि जागा मात्र एका वर्षापुरत्या घेता येत नाहीत. शाळेच्या प्रयोगाला पैसा हवा, आणि तो अनेक वर्षांचा हवा.

कुणी म्हणेल, आधी परिणाम दाखवा. आक्षेप रास्त आहे. टेनेसी राज्यात सरकारी बालवर्गांत गेलेली मुलं सहावीत इतरांपेक्षा मागे असल्याचं संशोधकांना आढळलं. म्हणजे नुसता पैसा पुरत नाही. वर्गात काय चालतं, तेही तपासावं लागतं. पण हा परिणाम कळला सहावीत! एका वर्षाच्या पैशात तो कसा कळणार? म्हणून पुन्हा सांगतो, पैसा अनेक वर्षांचा हवा.

आपल्या शहरात असा प्रयोग जाहीर झाला, तर श्रोतेहो, एवढं जरूर विचारा: पुढच्या वर्षीची तरतूद कुठे आहे?